हत्ती कोणाचे? गाविलगडच्या दरवाज्यावरील श्वापदे आणि आपली घाई

१/ गाविलगडच्या दिल्ली दरवाज्याचे छायाचित्र ठरावीक काळाने समाजमाध्यमांवर पुन्हा फिरू लागते. दोन तोंडांचा एक पक्षी, त्याच्या चोचींत आणि पंजांत खेळण्यासारखे लोंबणारे हत्ती, आणि हत्तींना पायाखाली घेतलेले सिंहासारखे श्वापद. छायाचित्राखाली शिल्पाचे वर्णन क्वचितच आढळते. आढळतो तो थेट निकाल. प्रस्तुत धागा त्या निकालांच्या विरोधात लिहिला आहे.

२/ हे निकाल मुख्यतः तीन आहेत. पहिला : 'हा गंडभेरुंड विजयनगरचा, म्हणून गड मूळचा हिंदूंचा; सुलतानांनी तो केवळ बळकावला.' दुसरा : 'हत्ती म्हणजे हिंदू राजे, त्यांना चिरडल्याची ही सुलतानी फुशारकी.' तिसरा, गड दाखवणाऱ्यांचा आवडता : 'चार हत्ती म्हणजे चार शाह्या.' तिन्ही निकाल एकमेकांना छेद देतात, पण तिघांची खोड एकच आहे. दगडावर काय कोरले आहे यापेक्षा तो कोणाच्या नावावर लावायचा, याचीच त्यांना घाई आहे.

३/ माझे म्हणणे आरंभीच मांडतो. ही श्वापदे म्हणजे सातबारा नव्हे. त्यांवरून गडाची मालकी सिद्ध होत नाही आणि शत्रूंची यादीही वाचता येत नाही. त्यांचा अर्थ ज्या जागी ती बसवली आहेत त्या जागेत आहे, आणि ती जागा दरवाजा आहे. हे कसे, ते क्रमाने पाहू. त्याआधी गडाविषयी जे निश्चित ठाऊक आहे ते नोंदवू.

४/ गाविलगड अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या शेजारी आहे. इतिहासकार फिरिश्ता याच्या म्हणण्यानुसार बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५च्या सुमारास हा गड बांधला आणि आज अकोला जिल्ह्यात असलेल्या नरनाळ्याची दुरुस्ती केली. ज्याची दुरुस्ती होते ते आधीपासून अस्तित्वात असते, हे उघड आहे. 'गाविल' या नावात तर गवळ्यांची आठवण आजही ऐकू येते. तेव्हा या डोंगरांवर सुलतानांपूर्वी कोणी नव्हते, असे कोणीच म्हणत नाही. ते सिद्ध करण्यासाठी दुतोंडी पक्ष्याला साक्षीला बोलावण्याचे कारणही नाही.

५/ पुढे वऱ्हाडचा कारभार फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याच्याकडे आला. नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यावरील लेख हिजरी ८९२चा, म्हणजे १४८६-८७चा आहे. गाविलगडच्या फतेह दरवाज्यावरील लेख हिजरी ८९३चा, म्हणजे १४८८च्या सुमाराचा आहे. दोन्ही काळी तख्तावर बहमनी सुलतान महमूदशहा होता आणि फत्तेउल्ला नावाने तरी त्याचा सुभेदार होता. इमादशाही स्वतंत्र झाली ती १४९०च्या सुमारास. ही तारीख लक्षात ठेवा. पुढे ती उपयोगी पडेल.

६/ आता पहिला निकाल. तिघांत तो सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याची बाजू प्रथम प्रामाणिकपणे मांडतो. फिरिश्ता सांगतो की फत्तेउल्ला मूळचा कर्नाटकातील हिंदू घराण्यातला. विजयनगरशी झालेल्या युद्धात तो बालपणी पकडला गेला आणि वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला. गंडभेरुंड कर्नाटकाचा लाडका आकार. कर्नाटकात जन्मलेला माणूस आणि कर्नाटकाचा पक्षी एकाच गडावर भेटावेत, हा योगायोग मानणे जड जाते. हे मलाही मान्य आहे.

७/ पण 'शक्य आहे' आणि 'सिद्ध झाले' यांत मोठे अंतर असते. गंडभेरुंडाला विजयनगरचे राजचिन्ह म्हणताना पुरावा म्हणून चोचीत आणि पंजांत हत्ती धरलेल्या पक्ष्याची नाणी दाखवली जातात. ती नाणी अच्युतदेवरायाची आहेत, आणि त्याचा काळ १५२९ ते १५४२ आहे. फत्तेउल्लाच्या बांधकामानंतर चाळीसएक वर्षांनी ही नाणी पडली. विजयनगरचे नेहमीचे राजचिन्ह होते वराह. गाविलगडावर विजयनगरची मोहोर उठवायची असती, तर वराह कोरणे सर्वांत सोपे होते.

८/ उलट हा पक्षी विजयनगरपेक्षा कितीतरी जुना आहे. कर्नाटकातील बळ्ळिगावी येथे चालुक्यांच्या काळातला, अकराव्या शतकातला गंडभेरुंडाचा स्तंभ उभा आहे. १११७मध्ये प्रतिष्ठा झालेल्या बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात तर एक पूर्ण साखळीच कोरली आहे. प्रत्येक बलवान प्राण्याला त्याहून बलवान प्राणी ग्रासतो. हत्तीवर सिंह, सिंहावर शरभ, शरभावर गंडभेरुंड. हा आकार एका घराण्याच्या पेटीत कुलूपबंद नव्हता. तो दख्खनच्या पाथरवटांच्या हातात होता.

९/ आणि तो केवळ दख्खनचाही नव्हता. तक्षशिलेच्या सिरकप येथील बौद्ध स्तूपाच्या चौथऱ्यावर, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास, दुतोंडी गरुड कोरलेला आहे. तुर्कस्तानातील दिवरिगी येथे १२२८-२९मध्ये उभारलेल्या मशिदीच्या दर्शनी भागावर दुतोंडी गरुड आहे. बहमनी दरबारात इराणी आणि तुर्की सरदार वावरत असत. त्यांतला एखादा गाविलगडच्या दरवाज्याशी थबकला असता, तर त्याला त्या पक्ष्यात स्वतःच्या मुलुखाची ओळख पटली असती. कर्नाटकातल्या माणसालाही तशीच पटली असती. दोघांना एकाच वेळी ओळखीचे वाटणारे चिन्ह निवडणारा राज्यकर्ता चतुर म्हणावा लागेल. त्याला 'छुपा हिंदू' ठरवण्याची किंवा 'बाटगा' म्हणून झिडकारण्याची गरज कोणाला आणि का पडते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

१०/ दुसरा निकाल : पायाखालचे हत्ती म्हणजे हिंदू राजे. हा निकाल जरा गावोगाव फिरवून पाहू. चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशींवर हत्तीला नमवणारा सिंह आहे. तो गोंड राजांचा. जंजिऱ्याच्या महाद्वारावर हत्तींना जखडलेले श्वापद आहे, ते सिद्दीचे. पंजांत हत्ती धरलेले श्वापद रायगडच्या नगारखान्यावर आहे, ते मराठ्यांचे. १५४९मध्ये अहमदनगरात ओतलेल्या आणि पुढे विजापुरास गेलेल्या मलिक-ए-मैदान तोफेचे तोंड म्हणजे हत्तीला दाढेत चिरडणारा जबडा आहे, तो निजामशाहीचा.

११/ आता सांगा, हत्ती कोण? गाविलगडावर तो हिंदू असेल, तर रायगडावर कोण? चंद्रपुरात गोंडांनी कोणाला चिरडले? प्रत्येक गडावर हत्तीचा धर्म बदलावा लागत असेल, तर दोष हत्तीत नसून आपल्या वाचनात आहे. एकमेकांशी लढणारी चार-पाच राज्ये एकच चित्र वापरतात, तेव्हा ते चित्र कोणा एकाविरुद्ध काढलेले नसते. तो सगळ्यांना कळणारा वाक्प्रचार असतो. 'आमच्या नादी लागू नका' हे वाक्य जसे कोणीही कोणालाही म्हणू शकतो, तसे.

१२/ तिसरा निकाल, चार शाह्यांचा. तारखांपुढे तो क्षणभरही टिकत नाही. फत्तेउल्लाने गाविलगडची डागडुजी केली तेव्हा आदिलशाही नव्हती, निजामशाही नव्हती, कुतुबशाहीला तर अजून बरीच वर्षे होती. अस्तित्वात नसलेल्या शाह्यांना पंजात धरणार तरी कसे? रायगडाबाबत हाच अर्थ लावणाऱ्यांनी १६७४कडे पाहावे. राज्याभिषेकाच्या वर्षी इमादशाही संपून शंभर वर्षे झाली होती; बरीदशाही १६१९मध्ये आणि निजामशाही १६३६मध्ये बुडाली होती. उरल्या होत्या दोन. त्यांपैकी कुतुबशहाशी तर १६७७मध्ये गोवळकोंड्यास महाराजांनी स्नेहाचा करार केला.

१३/ मग हत्ती चारच का? उत्तर इतके साधे आहे की ते कोणाला रुचत नाही. श्वापदाला पाय चार असतात. प्रत्येक पंजात एक हत्ती दिला की हत्ती चार होतात. कारागिराने जबडा आणि शेपूटही कामाला लावले, तर ते सहा होतात, आणि मग गोष्ट सांगणाऱ्याला आणखी दोन शत्रू शोधत हिंडावे लागते.

१४/ येथे कोणी म्हणेल, 'म्हणजे या शिल्पांना अर्थच नाही का?' अर्थ आहे. तो कसा शोधावा, यासाठी थोडे दूर, युरोपात जाऊन येऊ. कारण आपल्यासारखीच घाई तेथेही झाली आहे आणि तिचे परिणाम बोलके आहेत. मध्ययुगीन चर्च आणि मठांच्या छतांवरून डोकावणारी दगडी भुते-श्वापदे तुम्ही चित्रपटांत पाहिली असतील. त्यांना 'गार्गॉइल' म्हणतात. ती सैतानाला पळवून लावण्यासाठी बसवली, हे वाक्य तर सर्वांना पाठ असते.

१५/ वास्तविक गार्गॉइल या शब्दाचे मूळ 'घसा' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दात आहे. ते पन्हाळ आहे. छतावरचे पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकले जावे, चुन्याचे सांधे भिजू नयेत, म्हणून दगडी नळी पुढे काढली आणि तिच्या तोंडाला श्वापदाचा चेहरा दिला. पॅरिसच्या नोत्र दामवरचे गालावर हात ठेवून शहराकडे पाहणारे ते जगप्रसिद्ध विचारमग्न भूत तर मध्ययुगीन नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हियोले-ल-द्यूक या वास्तुकाराच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धारात ते बसवले गेले. त्यातून पाणीही वाहत नाही. मध्ययुगाच्या भीतीचे प्रतीक म्हणून जगाने जे उचलले, ते आगगाडीच्या युगातले निघाले.

१६/ त्याहून मार्मिक साक्ष मध्ययुगातलीच आहे. ११२५च्या सुमारास क्लेअरव्हो मठाचा प्रमुख बर्नार्ड याने मठांच्या ओवऱ्यांतील असल्या चित्रविचित्र श्वापदांवर कडाडून टीका केली. ग्रंथ वाचायचे सोडून भिक्षू दिवसभर दगडच पाहत बसतील आणि पैसाही वाया जाईल, ही त्याची तक्रार. पाहा, त्याच काळातला, त्याच धर्मातला, मठातच राहणारा विद्वान या श्वापदांचे गूढ उकलून सांगत नाही. ती येथे कशाला, असे उलट विचारतो. ज्या अर्थाविषयी बर्नार्डला खात्री नव्हती, तो अर्थ आपण नऊशे वर्षांनंतर एका वाक्यात सांगून मोकळे होतो.

१७/ आता वऱ्हाडात परत या. आपल्याकडेही दगडी श्वापदांच्या तोंडून पाणी वाहते. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीचे मंदिर, दर्यापूर तालुक्यातील लासूरचे आनंदेश्वर, ही यादवकाळाच्या आसपासच्या घडीव दगडी बांधणीची आपल्या घरची उदाहरणे. बार्शीटाकळीचा लेख शके १०९८चा, म्हणजे ११७६चा. या धाटणीच्या मंदिरांत गाभाऱ्यातील अभिषेकाचे पाणी एका पन्हाळीने बाहेर पडते. पन्हाळीचे तोंड बहुधा मगरीचे किंवा गाईचे असते. मकरमुख किंवा गोमुख.

१८/ मकर हे गंगेचे वाहन. त्याच्या तोंडून बाहेर पडताना साधे पाणी तीर्थ होते. म्हणूनच शंकराच्या देवळात ती पन्हाळ ओलांडत नाहीत. तेथवर जाऊन मागे फिरतात, सोमसूत्री प्रदक्षिणा घालतात. येथे चिन्हाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. पाणी जेथून वाहते त्या जागेत आणि माणसाचे पाऊल जेथे थांबते त्या कृतीत तो आहे. तोच मकर तोरणावर चढला की त्याचे काम बदलते. तेथे पाणी नाही, म्हणून तीर्थही नाही.

१९/ उंबरठ्यावरचे कीर्तिमुख घ्या. शंकराने निर्माण केलेल्या भुकेल्या राक्षसाने स्वतःचेच शरीर खाल्ले, उरले केवळ मुख, आणि देवाने त्याला दारी जागा दिली, अशी पुराणकथा आहे. कथा सुंदरच आहे. पण कथा ठाऊक नसलेली आजीसुद्धा त्या मुखावर पाय देत नाही, उंबरठा ओलांडून आत जाते. जागा बोलते. बाहेर संपले, आत सुरू झाले, जरा जपून, इतकेच ते मुख सांगते.

२०/ हीच दृष्टी घेऊन दिल्ली दरवाज्यापुढे उभे राहा. गडाचा दरवाजा हाही उंबरठाच, केवळ त्यावर येणारा पाहुणा वेगळा. मध्ययुगात बंद दरवाज्यावर आदळणारे सर्वांत भयंकर बळ कोणते? हत्ती. म्हणून तर किल्ल्यांच्या आणि वाड्यांच्या दारांना अणकुचीदार लोखंडी खिळे ठोकत. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर ते आजही पाहता येतात. खिळा हत्तीच्या कपाळाला जे सांगतो, तेच पंजात हत्ती धरलेले श्वापद माहुताच्या डोळ्यांना सांगते. हत्तीचा धर्म कोणता, हा प्रश्न त्या दरवाज्याला पडलेला नाही. हत्ती बाहेर राहावा, एवढीच त्याची इच्छा आहे.

२१/ नावांचीही गंमत आहे. गडप्रेमी मंडळी अशा प्रत्येक श्वापदाला 'शरभ' म्हणतात. बिदरच्या किल्ल्यात १५०३चा एक दरवाजा आहे. त्याच्यावरही अशीच श्वापदे आहेत आणि त्याचे नाव शर्जा दरवाजा. शर्जा हा फारसी शब्द. अर्थ, खवळलेला वाघ किंवा सिंह. तोच मराठीत 'सर्जा' झाला, सर्जेराव या किताबात शिरला, आणि पोळ्याला वऱ्हाडात ज्यांच्या शिंगांना बेगड लावतात त्या सर्जा-राजाच्या जोडीत जाऊन बसला. एक संस्कृत नाव, एक फारसी, दोन्ही एकाच दगडाला लागू. ही सरमिसळ कोणी लादलेली नाही. ती आपल्या बोलण्यात, गोठ्यात आणि सणात शतकानुशतके नांदते आहे.

२२/ नरनाळ्याचा महाकाली दरवाजा पाहिला की हे अधिक स्पष्ट होते. पांढरट वालुकाश्म, दोन्ही बाजूंना पुढे आलेले सज्जे, दगडी जाळ्या, वर अरबी अक्षरांच्या रेखीव ओळी, आणि त्यांच्याच सोबतीला उमललेली कमळे. नाव महाकालीचे. कमळ कापून अक्षरे वेगळी करता येतील असा छिन्नीचा एकही घाव त्या दरवाज्यात नाही. वेगळे करणारे आपण आहोत, तेही पाचशे वर्षांनी आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर.

२३/ 'पण एवढे मनावर घेण्यासारखे यात काय आहे?' असे कोणी विचारेल. घेण्यासारखे हे आहे : या मालकीच्या भांडणात वऱ्हाडचा स्वतःचा इतिहास हरवतो. १४९० ते १५७४ अशी जवळजवळ पंच्याऐंशी वर्षे वऱ्हाड स्वतंत्र राज्य होते. अचलपूर त्याची राजधानी. १५७४मध्ये नरनाळा निजामशहाच्या हाती पडला आणि ते राज्य संपले. अमरावती-अकोल्याच्या किती मुलांना हे सांगता येईल? त्यांना विजयनगर ठाऊक असते, दिल्ली ठाऊक असते. मधल्या इमादशाहीच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातील पाच शाह्यांच्या यादीतले एक नाव येते.

२४/ आणि फत्तेउल्ला? एक गट त्याचे बालपण ठेवतो आणि उरलेले आयुष्य फेकून देतो. दुसरा गट उरलेले आयुष्य ठेवतो आणि बालपण पुसतो. कर्नाटकात जन्मलेला, युद्धात पकडला गेलेला, वऱ्हाडात वाढलेला आणि वऱ्हाडचा राजा झालेला हा माणूस अखंड स्वीकारायला कोणी तयार नाही. ज्या पाथरवटांनी तो पक्षी घडवला त्यांची नावे तर कोणी विचारतही नाही. दगड ज्यांनी हातात धरला त्यांच्याविषयी मौन, आणि ज्यांनी तो कधी पाहिलाही नाही त्यांचे दावे.

२५/ म्हणून नव्या अभ्यासकांना एक पथ्य सुचवतो. कोणत्याही शिल्पापुढे 'हे कशाचे प्रतीक?' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी चार प्रश्न : ते कोठे बसवले आहे? तेथे त्याचे काम काय? तसेच दुसरीकडे कोठे आहे, आणि ते कोणाचे? जवळचा लेख कोणत्या सालचा? या चारांची उत्तरे हाती आली की पाचवा प्रश्न बहुधा आपणच निम्मा सुटतो. उरलेला निम्मा सुटला नाही, तरी बिघडत नाही.

२६/ पुढच्या वेळी चिखलदऱ्याला जाल तेव्हा धुके उतरण्याची वाट पाहा. दिल्ली दरवाज्यासमोर उभे राहा. दगडाला हात लावू नका, त्याच्यावर नाव कोरू नका, आणि दोन मिनिटे कोणाचे नाव मनातही आणू नका. हत्ती मोजा. पंजे मोजा. पक्ष्याची पिसे कशी कोरली आहेत, ते न्याहाळा. मग मान खाली घालून कमानीतून आत जा. पाचशे वर्षांपूर्वी जो कोणी तेथून आत गेला, तोही आधी त्या श्वापदांखालूनच गेला होता.

धागा समाप्त.